काचेआडचं पत्र

भिंतीवरची पितळी अक्षरं वाचली आणि ग्वेईचूबाईंचं डोकंच फिरलं. 'मी घाबरलेलो नाही.' खाली त्यांच्या वडिलांचं नाव, चाई बिंगतू, शिक्षक, १९५२.

च्यायी शहरातल्या जुन्या लष्करी तुरुंगाचं आता स्मारक झालं होतं आणि तासाभरात उद्घाटन होतं. "छान दिसतंय ना, आजी?" शिनरूने विचारलं. सरकारी दप्तरातून वडिलांचं पत्र शोधून काढणारी अधिकारी ती हीच.

भिंतीखाली काचेच्या पेटीत वडिलांनी आईला लिहिलेलं ते पत्र होतं. बाईंनी चष्मा चढवला.

'मी घाबरलेलो नाही असं माझ्या आईला सांग. तुला खोटं कशाला लिहू, हात थरथरतायत. उद्या पहाटे नेणार आहेत. वाट पाहू नकोस.' कोपऱ्यात लाल शिक्का होता: पोहोचवू नये.

पोहोचवू नये म्हणे! आईने अडतीस वर्षं, मरेपर्यंत, रोज जेवताना एक वाडगा जास्त मांडला. मुलाचं नाव आता पूर्वजांच्या पाटीवर, मेलेल्यांत लिहू दे म्हणून सासू हातापाया पडली, तर आई "जिवंत माणसाला धूप दाखवू?" म्हणून तिच्यावर उसळली. चार ओळींचा कागद एका कपाटात पडून राहिला आणि आईचा जन्म फुकट गेला.

"वाक्य अर्धंच का लावलंत?"

"मुलांना प्रेरणा मिळावी म्हणून, आजी."

"एकतीस वर्षांचा पोरगा होता माझा बाप, थरथरत होता. त्याचा पुतळा कसला करताय? दे ते पत्र इकडे. आईच्या नावाने जाळते, म्हणजे एकदाचं तिला मिळेल."

"जाळणार?" शिनरू पेटीला पाठ लावून उभी राहिली. "आजी, ते आता सगळ्या देशाचं आहे. मी हुबेहूब प्रत काढून देते ना, ती जाळा."

"पत्रावर नाव कुणाचं आहे?"

"तुमच्या आईचं."

"मग देश मधे कुठून टपकला? तेव्हा शिक्का मारून अडवलंत, आता काच लावून अडवा."

"ते लोक वेगळे होते हो!"

"पत्र तुमच्याच कपाटात निघालं ना?"

बाईंनी पिशवीतून आईचा फोटो काढून पेटीवर टेकवला आणि देवापुढे कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी काढल्या, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. "प्रत चालेल का, आईलाच विचारू. ती हो म्हणाली तर मी मुकाट खुर्चीवर बसते."

शिनरूच्या घरीही अशाच चंद्रकोरी होत्या. तिने मान डोलावली.

पहिल्यांदा दोन्ही सपाट बाजू वर आल्या, म्हणजे कौल नाही, नुसतं हसू. "हसतेय तुम्हाला," बाई म्हणाल्या. पुन्हा टाकल्या, तर दोन्ही फुगीर, म्हणजे नाही. तिसऱ्यांदाही नाहीच.

"मला नियम मोडता येत नाही, आजी," शिनरू रडवेली होऊन म्हणाली.

पाहुणे येऊन बसले, हारतुरे झाले. 'हुतात्म्याच्या कन्येला' दोन शब्द बोलायला बोलावलं, तेव्हा बाई माईककडे फिरकल्याच नाहीत. त्या पेटीवर वाकल्या आणि पहिल्या शब्दापासून पत्र वाचू लागल्या, शाळेतल्या पोरीसारखं खणखणीत. 'हात थरथरतायत' पाशी आवाज चिरकला. राग आला स्वतःचा. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, आणि शिक्क्यावरचे शब्दसुद्धा सोडले नाहीत.

मग त्यांनी चंद्रकोरी फोटोपुढे धरल्या. "आई, मिळालं का गं?"

लाकूड फरशीवर वाजलं. एक सपाट, एक फुगीर. हो. दुसऱ्यांदा हो. तिसऱ्यांदाही हो.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले साहेब तर उभेच राहिले.

बाई गर्रकन वळल्या. "टाळ्या कसल्या वाजवता? नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र आहे ते. तिच्या आधी तुम्ही सगळ्यांनी वाचलंत, लाज नाही वाटत?"

टाळ्या थांबल्या. बाईंनी फोटो पिशवीत घातला, चंद्रकोरी उचलल्या आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"आणि ते वाक्य पुरं करा. तो घाबरला होता."