सुदामा दारातच राहिला

दिवाळीपासून देवदत्त आणि परीक्षित एकमेकांशी बोलत नव्हते. दोघं सख्खे साडू, राहायला दोघंही अमेरिकेत, चँडलर गावातच. भांडण झालं ते कीर्तनावरून. भारतातून आलेले बुवा उत्तररंगात असे काही रंगले होते, की माणसं डोळे पुसत होती. साथीला पेटीवर देवदत्त. पुरचुंडीतले पोहे सांभाळत सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचला, आणि तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी परीक्षित याने हॉलची वेळ संपली म्हणून माईक बंद केला!

"ज्याने सुदाम्याला दारात ताटकळत ठेवलं, त्याच्याशी मी बोलणार नाही," असं देवदत्तने तिथेच सांगून टाकलं. तेव्हापासून जे काही बोलायचं, ते मध्ये तिसऱ्याला घालून. हा तिसरा माणूस म्हणजे बहुतेक वेळा आसावरी, परीक्षितची बायको आणि देवदत्तची मेहुणी.

जानेवारीतली युटाची स्की ट्रिप मात्र दोघांपैकी कुणीच कॅन्सल केली नाही. माघार घेणार कोण? देवदत्तची बायको रेखा केबिनवर थांबली आणि हे तिघं डोंगर चढले.

आता, हे काही रिसॉर्टचं स्कीइंग नव्हे. इथे लिफ्ट नाही, गस्तीची माणसं नाहीत. काही झालं तर वाचवणार ते सोबतचेच. प्रत्येकाच्या छातीवर बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याचा ठाव आवाजाने सांगणारं यंत्र, आणि पाठीवर फावडं होतं. झाडीतल्या खड्ड्यांबद्दल क्लासमध्ये बजावून सांगितलं होतं. फरच्या झाडाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळी राहते, आणि वरून ती दिसत नाही. माणूस त्यात डोक्यावर पडतो. धडपड करावी तसा वरून आणखी बर्फ कोसळतो. म्हणून झाडीत जोडीने उतरायचं, नजरेत राहायचं, सारखी हाक द्यायची.

"आसावरी, सांग तुझ्या भावोजींना, झाडांच्या फार जवळून जाऊ नका म्हणावं," परीक्षित म्हणाला.

"आसावरी, तुझ्या नवऱ्याला सांग, क्लास मीही केलाय. आणि बंद करायला इथे माईक नाही म्हणावं."

"मी काय पोस्टमन आहे का रे दोघांचा?" आसावरी कडाडली. "मी पुढे उतरून मोकळ्यावर थांबते. तुम्ही दोघं जोडीने या. आणि हाका मारा, यार! भांडा, पण हाका मारा."

ती गेली. परीक्षितने डावी बाजू धरली, देवदत्तने उजवी. हाक मारणं म्हणजे बोलणं झालं असतं, म्हणून परीक्षित शिट्टी फुंकायचा. पलीकडून उत्तर नाही. पुन्हा शिट्टी. उत्तर नाहीच. म्हातारा अजून फुगलेलाच आहे, असं म्हणून तो उतरत राहिला.

मग एकदाच, वरून, दबकी हाक आली, "आसावरी!"

परीक्षितने ऐकली. असेल काहीतरी निरोप. मला थोडीच मारलीये हाक! तो आणखी काही झाडं खाली गेला. मोकळ्या जागेच्या कडेला आसावरी उभी दिसली.

"भावोजी कुठेत?"

"येतील. तुला हाक मारत होते मघाशी."

"मला? मी इथे खाली आहे हे त्यांना माहीत नाही का? आणि तू काय केलंस?"

परीक्षित तसाच वळला आणि वर चढू लागला.

त्या बर्फात वर चढणं म्हणजे गाळातून पोहणं. दम छातीत मावेना. "देवदत्तराव! देवदत्तराव!" इतक्या महिन्यांत न घेतलेलं नाव तो आता ओरडत होता, आणि बर्फ ते गिळत होता. बीकनचा आवाज वाढत एका फरपाशी पोचला. फांद्यांखालून एका स्कीचं टोक वर आलेलं होतं.

"वरून उकरू नकोस!" मागून आसावरी ओरडली. "तोंडावर कोसळेल. बाजूने खण!"

दोघांनी उताराच्या बाजूने फावडी चालवली. आधी हातमोजा लागला, फांदी घट्ट धरलेला. दुसरा हात तोंडासमोर आडवा होता. तेवढ्या जागेत देवाने श्वास ठेवला होता. ओठ निळे पडलेले. परीक्षितने तोंडातला बर्फ बोटांनी काढला. देवदत्त खोकला, पुन्हा खोकला, आणि डोळे उघडून त्याने समोर पाहिलं.

"ऐकलं होतंस?" त्याने थेट विचारलं.

"ऐकलं होतं."

"मग?"

"तुम्ही तिला मारलीत हाक."

"मरताना तुझं नाव घेऊ? एवढाही ताठा नको माणसाला?"

"हा ताठा माझा की तुमचा? शिट्टीला ओ का दिली नाहीत?"

"कुत्र्याला फुंकतात शिट्टी!"

आसावरीने हातातलं फावडं बर्फात मारलं. "अजून पूर्ण खाली उतरायचंय. मी मध्ये येणार नाही. पुन्हा पडलात तर एकमेकांना काढा."

देवदत्तची एक स्की सापडलीच नाही. तो परीक्षितच्या मागे, त्याच्याच खुणांवर पाय टाकत, खुरडत निघाला. झाडी पुन्हा दाट झाली. परीक्षित थांबला. मागे न बघता म्हणाला, "हाक मारा."

देवदत्तने काठी बर्फात रोवली.

"परीक्षित, गाढवा!"

"आहे!"

"नालायका!"

"नाव घेऊन!"

"परीक्षित, नालायका!"

"आहे! पुढे या!"