शेख अबू नसीम यांचा गारवा

दुपारच्या नमाजानंतर कैरोच्या त्या छोट्या बागेत मुंगी शिरायला जागा नसे. मधल्या बाकावर शेख अबू नसीम हिरवी शाल पांघरून बसत आणि माणसं डोळे मिटून त्यांच्या कृपेचा गारवा अंगावर घेत. चाळीस पावलांवरच्या गल्लीत डांबर वितळत होतं, इथे मात्र घाम सुकत होता. आणखी कसला चमत्कार हवा?

"ही शाल वाळवंटातल्या चाळीस वाऱ्यांनी विणली आहे," शेख सांगत. एकेचाळिसावा बहुधा रजेवर होता.

विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या इनायतबाई मागे उभ्या राहून ऐकत. अशी माणसं उन्हाळ्याबरोबर येतात आणि जातात, म्हणून त्यांनी शेखना सोडून दिलं होतं. पण त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. शेजारच्या रतीबाने दम्याचा फवारा कचऱ्यात टाकला होता. आणि भक्तांसाठी सभामंडप बांधायचा म्हणून बागेतले पाचही जुने शिरीष गुरुवारी तोडायचे होते. झाडांवरचे जिन्न आपला वारा गिळतात, असा शेखचा खुलासा होता.

"फवारा का टाकलास गं?" बाईंनी विचारलं.

"शेख म्हणाले, औषध आणि कृपा एका छातीत नांदत नाहीत. आणि खरं सांगू बाई? इथे बसलं की बरं वाटतं."

"वाटतच असेल. ते मी कुठे खोटं म्हणते?"

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत बाई शेखपुढे गेल्या. "शेखसाहेब, आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना इथवर येववत नाही. तासभर तिकडे बसाल का? शालीसकट."

नाही म्हणायची सोय नव्हती. सगळी वरात गल्लीत आली. तिथे झाड औषधालाही नव्हतं. पत्र्याच्या दुकानासमोर शेखना खुर्ची मिळाली. पाचव्या मिनिटाला दुआ अडखळली, दहाव्याला शाल मांडीवर आली, पंधराव्याला चाळीस वाऱ्यांचे धनी पाणी मागू लागले.

"या गल्लीत श्रद्धा कमी आहे," ते धापा टाकत म्हणाले.

"माणसं तीच आहेत, शेख," रतीबा म्हणाली. "बागेतून तुमच्यामागेच आलीत. बदलली ती जागा."

बाईंनी पिशवीतून तापमापक काढला आणि खुर्चीशेजारच्या फरशीवर ठेवला. पारा पन्नाशीपार गेला. मग सगळ्यांना परत नेऊन तोच शेखच्या रिकाम्या बाकावर ठेवला. तो चौतीसवर थांबला.

"शेख तिकडे घाम पुसतायत आणि गारवा इथेच आहे," बाई म्हणाल्या. "शिरीष ऊन अडवतो, मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ करून सोडतो, त्यात हवा निवते. धूळ पानांवर बसते, ती तुमच्या छातीत जात नाही. साठ वर्षं हे फुकट चाललंय."

शेख त्या दिवशी बागेत परतले नाहीत. गुरुवारी कुऱ्हाडवाले आले, तेव्हा पाचही बुंध्यांशी बायका भाजी निवडत बसलेल्या होत्या. नव्या फवाऱ्याचा एक झुरका घेऊन रतीबाने कुऱ्हाडवाल्यांना माघारी पाठवलं.

तरी एका म्हाताऱ्याची हळहळ जाईना. "पण बाई, अल्लाची कृपा काहीच नाही म्हणता?"

"चाचा, मीही नमाज पढते. झाड ही कृपा असेल, तर ती त्यानं सगळ्यांसाठी उभी केलीय. पुढे कुणी गारवा वाटायला बसला, की आधी मान वर करून बघा. आणि आपल्या गल्लीत पुढच्या आठवड्यात खड्डे खणायचेत. कुदळ आहे का घरात?"