बिस्किटांच्या डब्यातली पाकिटं

माझ्या बायकोच्या, जॅनिसच्या, नावाची पत्रं मी उघडत नसे. आमच्याकडे दुसऱ्याचं टपाल उघडत नाहीत, नवराबायकोतसुद्धा नाही. ती फेब्रुवारीत वारली, तरी दाराच्या फटीतून तिची पत्रं पडतच राहिली. बहुतेक तपकिरी, सरकारी. मी ती बिस्किटांच्या डब्यात टाकायचो आणि झाकण लावायचो. झाकण लागलं की बरं वाटायचं.

किर्स्टी जॅनिसची मुलगी, माझी नव्हे. सहा वर्षांची असताना आईबरोबर फ्लीटवुडला माझ्या घरी आली. मला नावानेच हाक मारते. आईचं दुखणं वाढलं तेव्हा सतराव्या वर्षी तिने शाळा सोडली. शाळा सुटली तसा तिच्या नावचा सरकारी बालभत्ता थांबला, आणि भत्ता थांबला म्हणून तिच्या बापाची पोटगीही. त्या बापाचं, गॅरेथचं, त्यात काही चुकलं नाही. नियमच तसा आहे.

सप्टेंबरात ती म्हणाली, कॉलेजात जाते, रुग्णसेवेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मला आनंद झाला, तो एक संध्याकाळ टिकला. माझा ट्रामच्या डेपोतला पगार एकट्याने घरभाड्याला पुरत नाही. चिप्सच्या दुकानातली तिची कमाई होती म्हणून चाललं होतं. पोटगी परत सुरू झाली नाही, तर कार्लाईलला बापाकडे जाईन, असं तिने सरळ सांगितलं. तिथे सावत्र आईच्या वृद्धाश्रमात काम होतं आणि खोलीही. मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

मग मी गॅरेथला फोन केला. तो तुटक बोलला, पण वाईट बोलला नाही. "लेन, मला कागद दाखव. भत्ता सुरू झाला की मी एक दिवस मागे राहणार नाही."

मंगळवारी भत्त्याच्या कचेरीला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, एकोणीस पूर्ण व्हायच्या आत मुलीला प्रवेश मिळालेला हवा. मी कॅलेंडर पाहिलं. वाढदिवस गुरुवारी. कॉलेजने नावनोंदणीला सोमवारी बोलावलं होतं. चार दिवस उशीर. वर्ग नंतर सुरू झाला तरी चालेल, बाई म्हणाल्या, पण जागा दिल्याचं पत्र आधीचं पाहिजे. तसं काही आलंय का?

फोनवर हात ठेवून मी किर्स्टीला विचारलं.

"आईने जानेवारीत अर्ज भरला होता," ती म्हणाली. "उत्तरच आलं नाही. मी समजले, घेतलं नाही. म्हणून पुन्हा जाऊन रांगेत उभी राहिले."

"अर्जावर नाव कोणाचं घातलं होतं? पत्रासाठी?"

"आईचं. म्हणाली, तू दुकानात असशील, मलाच आधी कळू दे."

मी नंतर करतो म्हणून फोन ठेवला. फळीवरून डबा काढला. किर्स्टीने झाकण उघडलं आणि वरची पाकिटं उलटून पाहिली.

"सगळी बंद?"

"तिची आहेत ती."

"ती काय येऊन उघडणार होती, लेन?"

मला वाटलं, आता ही बॅग भरते. तिने डबा उलटा केला. पाकिटं टेबलावर पसरून कॉलेजचा शिक्का शोधू लागली. तो एका पांढऱ्या पाकिटावर होता. तिने ते मला दिलं. बटाटे सोलायच्या सुरीने मी ते फाडलं आणि खालच्या ओळी आधी वाचल्या, कारण अमुक तारखेपर्यंत कळवलं नाही तर जागा जाईल, असं तिथेच लिहिलेलं असतं. तसं काही नव्हतं. जागा दिली होती. तारीख बारा मे.

पुन्हा फोन लावला. थांबवून ठेवताना लावतात ते गाणं चाळीस मिनिटं ऐकलं. बाईंनी तारीख लिहून घेतली आणि विचारलं, मुलगी तुमची कोण?

हा प्रश्न येणार, याचीच मला इतके दिवस धास्ती होती. मी पत्राची घडी घालू लागलो.

"माझी आई त्याची बायको होती," किर्स्टी फोनजवळ वाकून म्हणाली. "मी त्याच्याकडे राहते."

मुलगी तुमच्याकडे राहते ना, मग भत्त्याचा अर्ज तुम्हीच करा, बाई म्हणाल्या. मी अर्ज केला. उत्तराला काही आठवडे लागतील. तोवर काय होईल ते मला माहीत नाही.

फोन ठेवला. टेबलावर सात पाकिटं उरली होती. एक हॉस्पिटलचं होतं, मार्चमधलं.

"ते राहू दे," मी म्हणालो.

किर्स्टीने किटली लावली आणि सुरी माझ्याकडे सरकवली.

"एक तू उघड, एक मी. नुसती सोपी मला नकोत."

मी हॉस्पिटलचं उचललं.