दहा मिनिटांचा गारवा

‘गाडी झकास शे कुंदनभाऊ. पण पोरीसाठी मागच्या दारांना लॉक लावलंय, ते आतून उघडणार नही. म्हातारं माणूस एकलं बसाडू नका.’

धुळ्याचे जीवराम मिस्त्री हे बोलले तेव्हा मी त्यांच्याच गॅरेजात उभी होते. मला वाटलं, जुनीची बाजू घ्यायची म्हणून नवीला नावं ठेवताहेत. मी मनात हसले. मित्रांनो, त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

मी एक जुनी जपानी सेडान, आमच्या मॉडेलच्या पहिल्या पिढीतली. कुंदनच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा माझ्यासारखी पळणारी गाडी धुळ्यात शोधावी लागे. वेग वाढला की माझं इंजिन ओरडून सांगे, खड्डा आला की स्टिअरिंग हाताला कळवे. मागच्या काचेला फिरवायचं हँडल. कुंदनची आई, इंदिराबाई, पंचवीस वर्षं ते हँडल फिरवत आल्या.

मग नव्या पिढीतली आली. माझ्याहून जोरात पळते, आणि आत कपातला चहा हलत नाही. रिमोट खिशात ठेवून चालू लागलं की दारं आपोआप बंद. लांबून बटण दाबलं की एसी सुरू. माझ्याच वंशातली, मला तिचा अभिमान होता. मी मात्र ‘डबडं’ झाले, सामान वाहायला उरले.

मे महिन्यात अमळनेरला लग्न होतं. आम्ही दोघी शेजारी उभ्या.

‘मना गुडघा दुखतस रे,’ इंदिराबाई म्हणाल्या. ‘मी गाडीमाच बसस. ताट आठेच, गाडीमा लई या.’

‘नवीत बस आई, गार शे. त्या डबड्यात भाजून निघशील!’

कुंदन निघाला, दारं बंद झाली. मांडवातून त्याने बटण दाबलं, एसी सुरू झाला. दहा मिनिटांनी तो आपोआप थांबतो, हे वाचायला कोणाला सवड होती? तो वरातीत नाचत होता.

मागच्या सीटवरून इंदिराबाईंनी कडी ओढली, दार उघडलं नाही. बटणं दाबली. मग त्यांचा हात दारावर चाचपडू लागला. माझं हँडल शोधत होता तो हात! त्या हाक मारत होत्या. पण काच जाड, सांधे घट्ट, समोर बँड. मी दोन फुटांवर, आणि माझ्याने साधा हॉर्न वाजेना.

सून नूतन लेकीचे, पूनमचे कपडे घ्यायला माझ्या डिकीकडे आली, येताना सासूची चौकशी करत. मागून नणंद सरिता हसत होती, ‘वहिनी, आई एसीत झोपलीय. तू कोणाकोणाचे लंगोट तपासशील?’

‘ताट गेलं का पण त्यांना?’ म्हणत नूतनने वळून पाहिलं. काचेवरून तळवा खाली घसरत होता.

तिने माझ्या डिकीतला जॅकचा दांडा उचलला आणि पुढची काच फोडली. तेव्हा कुठे ती गाडी बोंबलू लागली. आतल्या माणसासाठी नाही, काचेसाठी!

कुंदन धावत आला. पहिला शब्द काय? ‘नव्या गाडीची काच कोणी फोडली?’

‘मी,’ नूतन म्हणाली. ‘आत बघा.’

तीन दिवस सलाईन लागलं. इंदिराबाई वाचल्या, पण अजून बंद खोलीत बसत नाहीत. घरात मात्र चर्चा झाली ती काच कुठे मिळेल याची.

मित्रांनो, नवी गाडी वाईट नाही. तिच्यात एअरबॅग आहेत, माझ्यात एकही नाही. पण तिची दारं तुम्ही घरातल्या म्हाताऱ्यांना उघडायला शिकवलीत? ‘तुम्ही बसा, आम्ही आलोच’ असं सांगून कोणाला मागे ठेवून आला असाल, तर हे वाचन बाजूला ठेवा. फोन करू नका. उठा, जा आणि डोळ्यांनी बघून या.