सार्जंट बर्गनचं बिऱ्हाड

ट्वीड नदीच्या मुखाशी सॅमन मासा धरायचा धंदा बंद पडला आणि माझा नवरा अ‍ॅलेक बासष्टाव्या वर्षी घरी बसला. बसला हे आपलं म्हणायला. जन्मभर नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जाळी ओढलेला माणूस तो. खुर्चीत टेकायचा आणि लगेच उठायचा. गॅसवर किटली ठेवून धक्क्यावर निघून जायचा आणि इकडे किटली कोकलत राहायची. आमचं बेरिक हे इंग्लंडच्या टोकाचं, स्कॉटलंडच्या सीमेवरचं गाव, तीन बाजूंनी कोटाने वेढलेलं आहे. त्या कोटावरून तो इतक्या फेऱ्या मारायचा, की खालून जाणारे लोक विचारायला लागले, "काय अ‍ॅलेक, स्कॉटलंडवाले चाल करून येतायत की काय?"

अशात एक दिवस छावणीतल्या संग्रहालयातल्या मिसेस स्ट्रँग दारात आल्या. जुन्या पलटणीतल्या शिपायांची बिऱ्हाडं कशी राहायची, बायका-पोरं कुठे निजायची, काय खायची, यावर त्या एक दालन लावत होत्या. बर्गनांकडे सार्जंटचा सहकुटुंब फोटो आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"आहे ना," अ‍ॅलेक म्हणाला. "माझे पणजोबा, सार्जंट मॅथ्यू बर्गन. फोटो थोरल्या बहिणीकडे आहे."

"त्यात कोण कोण आहे, ते सांगाल का? नावं, जन्म, कुठे कुठे राहिले?"

"सांगतो की," अ‍ॅलेक म्हणाला. पण सार्जंट सोडला तर त्याला एकच नाव नक्की ठाऊक होतं, आपल्या आजोबांचं. टॉम बर्गन.

नेट्टा, माझी नणंद, नदीपलीकडे ट्वीडमाउथला एकटीच राहते. अ‍ॅलेकपेक्षा अकरा वर्षांनी मोठी. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी मी तिला अहोजाहोच करते. अगंतुगं करायची माझी छाती नाही. तिने फोटो भिंतीवरून काढला, पदराने पुसावा तसा एप्रनने पुसला, आणि अ‍ॅलेकच्या हातात देताना म्हणाली, "फोटो ने. चौकशा कशाला हव्यात?"

"त्यांना नावं पाहिजेत."

"नावं मी सांगते. सार्जंट, त्याची बायको, पाच पोरं. झालं."

फोटोत सार्जंट उभा आहे, गलमिश्या कानापासून हनुवटीपर्यंत. बायको ॲन खुर्चीत. तिने कॅमेऱ्याकडे अशी नजर लावलीय, की काढणाऱ्याचे हात थरथरले असतील. चार पोरं आईला चिकटून आणि थोरला, टॉम, पलीकडे बापाच्या कोपराशी. घरच्या बैठकीत नेहमी म्हणायचे, टॉमने बर्गनांची हनुवटी घेतलीय. मला ती कधी दिसली नाही, पण सुनेने कशाला बोलायचं?

अ‍ॅलेक कामाला लागला. सकाळी संग्रहालय, दुपारी वाचनालय, मधल्या वेळात फोन. महिनाभर त्याच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. मला वाटलं, बरं झालं, माणूस मार्गी लागला. मग एका गुरुवारी तो परत आला आणि कोट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"आजोबा बर्गन नाहीत," तो म्हणाला.

पलटणीच्या जुन्या कागदांत मिसेस स्ट्रँगना सापडलं होतं. ॲनचं पहिलं लग्न पीटर लॉर्न नावाच्या साध्या शिपायाशी झालेलं. टॉम त्याचा. पलटण माल्टा बेटावर असताना लॉर्न तापाने गेला, आणि महिना उलटायच्या आत ॲनने त्याच पलटणीतल्या मॅथ्यू बर्गनशी लग्न लावलं. बर्गन तेव्हा नुसता कॉर्पोरल होता, सार्जंट पुढे झाला.

"महिनासुद्धा नाही, इसोबेल. कबरीवरची माती बसली नसेल अजून."

"बस जरा. चहा घे."

"त्या दोघांचं आधीपासूनच काही असणार. त्याशिवाय का?"

तो बसला नाही. पुन्हा गावच्या कोटावर गेला. मी खिडकीतून त्याला पाहत होते. दहा पावलं गेला की थांबायचा, समुद्राकडे बघायचा, पुन्हा चालायचा.

ही गोष्ट आमच्याच घरात राहिली असती तर निभावलं असतं. पण गावात बातमीला पाय लागतच नाहीत, ती उडते. रॅल्फ बर्गन, मटणाच्या दुकानाचा मालक, सार्जंटच्या दुसऱ्या मुलाचा नातू. म्हणजे खऱ्या रक्ताचा. दर नोव्हेंबरात मृत सैनिकांच्या स्मरणाच्या रविवारी सार्जंटची पदकं तो आणि अ‍ॅलेक आळीपाळीने छातीवर लावायचे. शनिवारी मी दुकानात गेले तेव्हा चार बायका रांगेत होत्या.

"या, मिसेस लॉर्न," रॅल्फ म्हणाला. "काय देऊ?"

बायका हसल्या. मी म्हटलं, "किडनी दे. आणि ताजी दे, तुझ्या विनोदासारखी नको."

पण घरी आल्यावर ती किडनी मी पार बारीक चिरून टाकली. अ‍ॅलेकला मी काही सांगितलं नाही. त्याला ते पबमध्ये कळलंच. रॅल्फने सगळ्यांसमोर ग्लास उंचावून म्हटलं होतं, "यंदापासून पदकं माझ्याकडेच राहू दे, अ‍ॅलेक. राग मानू नकोस. तू आपल्या लॉर्नांची शोध."

अ‍ॅलेकने ते मनावर घेतलं. पीटर लॉर्न मूळचा स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ बंदराचा, एवढं त्याला कळलं होतं. पुढच्या आठवड्यात तो मला घेऊन आगगाडीने तिकडे गेला. लॉर्न नावाची तीन घरं. एका घरी कोणी नव्हतं, दुसऱ्या घरातल्या बाईने आम्हाला धर्मप्रचारक समजून दार लावून घेतलं. तिसरा लॉर्न धक्क्याजवळ हॅडॉक मासा धुरावर भाजण्याच्या पडवीत होता. डोळे लाल, हातांना काजळी. अ‍ॅलेकने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत काठीला मासे अडकवत राहिला.

"म्हणजे आपण भाऊबंद?" तो म्हणाला.

"असू. तुमच्या घरात पीटरचं नाव कधी निघायचं का?"

"नाही बुवा. पलटणीत गेलेल्याचं नाव कोण काढतो? नाव बुडवायचं असलं की पोरं पलटणीत जायची, असं आजी म्हणायची." त्याने दोन मासे कागदात बांधून दिले. "त्याने मागे एखादी बोट ठेवली असती तर वाटा मागायला आम्हीच तुम्हाला शोधत आलो असतो."

माणूस वाईट नव्हता. अ‍ॅलेक मात्र सारखा त्याच्या नाकाकडे, कानांकडे, हातांकडे बघत होता. परतताना गाडीत तो काचेत स्वतःचं तोंड न्याहाळत होता. फोर्थ नदीच्या पुलावर म्हणाला, "मी कोणासारखाच दिसत नाही."

"तू तुझ्यासारखा दिसतोस. आणि माशाचा वास येतोय तुला, तोही नेहमीसारखाच."

तो हसला नाही. त्या दिवसापासून त्याने जेवण अर्धं टाकायला सुरुवात केली. एका दुपारी मी पाहिलं, तो मिसेस स्ट्रँगसाठी केलेल्या कागदावर ॲनच्या नावासमोर काहीतरी लिहून खोडत होता. मी वाचलं. कुठल्याही बाईबद्दल लिहू नये असा शब्द होता तो. मी कागद घेतला, कोट घातला आणि त्याला म्हटलं, "चल. नेट्टाकडे."

"तिला काय माहीत?"

"तिने चौकशा करू नको म्हटलं होतं. काही माहीत नसलेला माणूस असं म्हणत नाही."

पूल ओलांडून आम्ही चालतच गेलो. वारा असा, की बोलायची सोय नव्हती. नेट्टा तव्यावर मनुका घातलेल्या भाकरीसारख्या जाड पोळ्या टाकत होती. मी तो कागद तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून वाचला, आणि तो खोडलेला शब्दही तिला वाचता आला असावा.

"हे कोणी लिहिलं?"

अ‍ॅलेक तव्याकडे बघायला लागला.

"तुला हे लिहायला लाज नाही वाटली? त्या बाईने जे केलं ते केलं नसतं तर तू इथे उभा राहून माझ्या पोळ्या करपवत नसतास." तिने गॅस बंद केला. "बस."

आणि तो बसला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"आजोबा शेवटी आजारी होते तेव्हा तू दहा वर्षांचा," नेट्टा म्हणाली. "त्यांचं सगळं मी करायची. माझ्याशी बोलायचे. मला म्हणाले होते, कोणाला सांगू नकोस, बापाला वाईट वाटेल. सार्जंट मरून तीस वर्षं झाली होती, तरी त्याला वाईट वाटेल म्हणत होते."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

"सहा वर्षांचं पोर होतं ते, अ‍ॅलेक. स्वतःचा बाप मेलेला ठाऊक नसेल? माल्टात बराकीच्या एका लांबलचक खोलीत वीस-बावीस शिपाई झोपायचे. कोपऱ्यात दोरीवर घोंगडी टाकली की झालं लग्न झालेल्याचं घर. त्या घोंगडीमागे हे तिघं. लॉर्न गेला, आणि बाईला सांगण्यात आलं की महिनाअखेरच्या जहाजाने इंग्लंडला जा. तोवर शिधा मिळेल, पुढे नाही. इथे तिचं कोण होतं? उतरली असती की सरळ कंगालांचं सरकारी कामघर. आई एका दालनात, पोर दुसऱ्यात. तिला ते माहीत होतं. बाकीच्या बायकांनाही माहीत होतं. दफन झालं त्याच संध्याकाळी तिघा शिपायांनी तिला मागणी घातली."

"त्याच संध्याकाळी?" मी म्हटलं.

"तशीच रीत होती गं. कोणी त्याला वाईट म्हणत नव्हतं. तिने तिघांनाही उद्या सांगते म्हटलं. आणि रात्री पोराला जवळ घेऊन विचारलं." नेट्टाने तवा उतरवून ठेवला. "तिने विचारलं, टॉम, तू या सगळ्यांना दारू प्यालेलं पाहिलंयस. मी घोंगडीआड असते, तू खोलीभर फिरतोस. त्या तिघांत प्यायल्यावर हात कोण उगारत नाही?"

नेट्टाने चष्मा काढून एप्रनने पुसला.

"आजोबा म्हणाले, मला विचार करावाच लागला नाही. एक जण प्यायला की पट्टा काढायचा. दुसरा आधी गोड बोलायचा आणि मग फोडायचा. बर्गन प्यायला की गुपचूप खाली बसायचा आणि खोलीतल्या सगळ्यांचे बूट पॉलिश करायचा. सकाळी सगळे आपापले चकचकीत बूट शोधत फिरायचे आणि त्याला शिव्या द्यायचे. आजोबांनी आईला सांगितलं, बूटवाला."

अ‍ॅलेकने तोंडावर हात धरला. मला कळेना, तो हसतोय की रडतोय. बहुधा त्यालाही कळत नव्हतं.

"सार्जंटने कधी हात उगारला?" त्याने विचारलं.

"एकदा. दुसऱ्या मुलावर, रॅल्फच्या आजोबावर. तो टॉमला 'तू आमचा नाहीस' म्हणाला म्हणून."

नेट्टाने हे सांगताना डोळा मिचकावला का, ते मला सांगता येणार नाही. मी पोळ्यांकडे बघत होते.

अ‍ॅलेक तडक रॅल्फच्या दुकानात गेला. मी मागोमाग, धापा टाकत. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याने सगळी गोष्ट उभ्या उभ्या सांगितली आणि शेवटी म्हणाला, "तुझा आजोबा त्याच्या पोटी आला म्हणून बर्गन झाला. माझ्या आजोबांनी तिघांत पारखून तो बाप घेतला. पदकं तू ठेव. मला काही म्हणायचं नाही."

रॅल्फ सुरी पुसत राहिला. "नेट्टाने रचलं असेल," तो म्हणाला. "लहानपणापासून रचते ती. आणि माझ्या आजोबाला मारलं म्हणे. कोण बघायला गेलं होतं?"

"कोणी नाही," अ‍ॅलेक म्हणाला. "रचलं असेलही."

आम्ही निघालो तेव्हा रॅल्फने हाक मारली नाही. त्यानंतर तो माझ्याशी मोजकंच बोलतो. मिसेस लॉर्न मात्र पुन्हा म्हणाला नाही.

अ‍ॅलेकने मिसेस स्ट्रँगना नवा कागद लिहून दिला. त्यात सगळ्यात वर ॲन होती, मग तिचे दोन नवरे, मग पोरं. संग्रहालयातल्या त्या भिंतीवर आज ते तसंच आहे. मिसेस स्ट्रँगनी तो कागद वाचला तेव्हा विचारलं, "ॲन कुठली? माहेरचं नाव काय?"

अ‍ॅलेकने माझ्याकडे पाहिलं. दोन नवऱ्यांमागे तो चार महिने धावला होता, आणि तिचं गाव विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पलटणीच्या कागदांतून निघालं, की लॉर्नशी तिचं लग्न आयर्लंडमध्ये फर्मॉयला लागलं होतं. तेही छावणीचंच गाव. नाव ॲन डनली, सहीच्या जागी फुली. याहून जास्त काही हाताला लागेना. महिनाभर अ‍ॅलेक घरभर फिरला. शेवटी मीच म्हटलं, "चल, जाऊन तरी येऊ." नेट्टाने ऐकलं आणि स्वतःचं बोचकं बांधून हजर झाली. बोटीवर तिने चहाला नावं ठेवली, लाटांना नावं ठेवली, आणि अ‍ॅलेक जिथे जिथे जाईल तिथे तिची नजर जात राहिली.

फर्मॉयमध्ये टेकडीवर छावणीच्या जागी घरं उभी आहेत. पुलाजवळ एक म्हातारी बाकावर बसून पावाचे तुकडे पाण्यात टाकत होती. अ‍ॅलेकने टोपी काढून विचारलं, "बाई, इथे डनली म्हणून कोणी राहतं का?"

तिने आम्हा तिघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठले डनली? अर्धं गाव डनली आहे."

"ज्यांची ॲन नावाची मुलगी पलटणीबरोबर गेली ते."

"पलटणीबरोबर ना? मग ते कोण सांगणार? अशी गेलेली पोरगी घरोघरी आहे." तिने बाकावरची पिशवी उचलून जागा केली. "बसा. कधीची म्हणता?"

नेट्टा बसली, मी बसले. अ‍ॅलेक उभाच राहिला, आणि सांगायला लागला.