रेघेवरचं टिंब

"ह्या डाव्या टोकाले जगावंच नाही वाटत, त्या उजव्या टोकाले लय वाटते. मंधात कुठंबी टिंब मारा, काकाजी."

दीक्षा सिस्टरनं कागद पुढं धरला. त्यावर एक आडवी रेघ, शंभर मिलिमीटरची, वीतभरही नाही. अकोल्याच्या दवाखान्यात, कॅन्सरच्या वार्डात मोठ्या डॉक्टरांनी हे मोजमाप काढलं होतं. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. टिंब पडलं की दीक्षा पट्टी लावून आकडा लिहायची.

पहिल्या सकाळी शेषरावानं पार उजवीकडं टिंब मारलं. "मस्त," म्हणून ती पुढच्या पलंगाकडं गेली. संध्याकाळी पोटात कळा येत होत्या, टिंब डावीकडं गेलं. तर दीक्षा स्टूल ओढून बसली. घरी कोण असते, जेवण जाते का, सगळं विचारलं. संत्रं सोलून दिलं. अर्धा तास बसली.

शेषरावाजवळ अर्धा तास कोण बसलं होतं? बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पोरगा अनुप पुण्याला. त्याचा फोन यायचा तो डॉक्टरला.

मग काय. धामणगावच्या जिनिंगमध्ये चाळीस वर्षं काट्यावर कापूस मोजलेला माणूस, छटाकभर इकडचं तिकडं केलं नाही कधी. तो रोज दोन्ही वेळा डावीकडंच टिंब मारू लागला.

पाचव्या संध्याकाळी दीक्षा आली, पण कागद काही काढेना.

"डॉक्टर तुमची किमो बंद कराची म्हणून राहिले. म्हणे, ह्या माणसाले जगाचंच नाही, तर कायले तरास द्या."

शेषराव उठून बसला.

"माय, काटा मारला मी."

"म्हंजे?"

"वजन खोटं देलं. मले जगाचं हाय. लय जगाचं हाय. टिंब तिकडं गेलं का तू बसत होती."

दीक्षानं पॅड मांडीवर आपटलं. "तुमच्यापायी दोन दिवस धड जेवली नाही मी."

"डॉक्टरले सांग, म्हातारा लबाड हाय, पण मराले तयार नाही."

ती हसली नाही. शेवटचा कागद पुढं केला. शेषरावानं चष्मा लावला. काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसा तो थांबला. मग उजव्या टोकाला टिंब ठेवलं.

दीक्षानं पट्टी लावली. "अठ्ठ्याण्णव. मस्त. सांगतो मी डॉक्टरले." पांघरूण नीट करून ती उठली. "जातो, काकाजी. चार पलंग बाकी हायेत."

बाजूच्या पलंगावर पुंजाजी होता. त्यानं टिंब कुठं मारलं ते शेषरावाला दिसलं नाही. स्टूल ओढल्याचा आवाज मात्र आला.