चार हजार वॉटचं स्टिकर

आमच्या कारखान्यात आकडे बदलतात, माल बदलत नाही. हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी नऊ वर्षं होम थिएटरच्या मागे स्टिकर लावतेय. गेल्या महिन्यातलीच गोष्ट. सोमवारी लावलं ‘२४०० वॉट’. गुरुवारी सेठ तणतणत आला, शेजारच्या गाळ्यातला छत्तीसशे लिहितोय म्हणे. झालं, संध्याकाळपर्यंत आमच्या त्याच डब्यांचे चार हजार झाले. आत तोच ट्रान्सफॉर्मर, बारा व्होल्ट दोन अँपियरचा. बारा दुणे चोवीस, माझी तिसरीतली मुलगीही सांगेल. आत चोवीस वॉट जातात आणि बाहेर चार हजार कसे येतात, हे विचारायला फार शिकावं लागत नाही. पण विचारत कुणीच नाही.

टेस्टिंगवाल्या धाकूने एकदा डबा खाताना आम्हाला समजावलं होतं. आरएमएस म्हणजे स्पीकर न दमता तासन्‌तास देईल तो जोर. तो आमच्याकडे वीस वॉटच्या आतबाहेर. आणि चार हजारांपुढे बारीक अक्षरात पीएमपीओ लिहितात, ते म्हणजे विंचू चावल्यावर माणूस एकदाच बोंबलतो ना, ते. "त्या बोंबेवरून हा दिवसभर तेवढाच ओरडेल असं धरायचं, आणि वर एक शून्य चिकटवायचं," धाकू म्हणाला. आम्ही बायका खो खो हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

स्टिकर लावलं की कोपऱ्यात मार्करने आपली खूण करायची, हा सेठचा नियम. वाकडं लागलं तर कुणाचं ते कळावं म्हणून. माझी खूण ‘दु’. दुर्गाचा दु.

आता आबांचं सांगते. माझे वडील काशीनाथबुवा, गोडदेवच्या आमच्या रत्नागिरीकर भजनमंडळाचे बुवा. तीस वर्षं पेटीवर बसले. गेल्या वर्षभरात त्यांचा आवाज बारीक होत होत सुतासारखा झाला, मग घशात गाठ निघाली. गुरुवारी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, नंतर आवाज राहील याची खात्री नाही. म्हणून आधीच्या रविवारी, बिल्डिंगच्या पूजेला, दुपारी त्यांचं भजन ठेवलं. शेवटचं म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती, पण माहीत सगळ्यांना होतं.

मी सासरहून पोचले तर मांडवात आमच्या गाळ्यातलंच होम थिएटर! आबांच्या माईकची वायर त्याच्यात खोचलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी शेजारच्या खारी गावातला साउंडवाला शिवा त्याचा शंभर वॉटचा अँप्लिफायर आणि दोन मोठे बॉक्स घेऊन यायचा.

"शिवा कुठाय?" मी भावाला विचारलं.

"त्याला नको म्हणून सांगितलं," निकेत म्हणाला. "शंभर वॉटचं काय करायचं ताई? हा चार हजारचा आहे. आणि घरचा."

"अरे गाढवा, शिवाचे शंभर खरे शंभर आहेत! याचे वीससुद्धा धड नाहीत. हॉलमध्ये बसून पिक्चर बघायला ठीक आहे. इथे पखवाज आहे, दहा झांजा आहेत."

"मग मागे लिहिलंय ते काय?"

"लिहिलंय ते खोटं आहे!"

निकेतने आबांकडे बघितलं. आबा पेटी पुसत होते. नुसते हसले. "चालेल ग," पुटपुटले. "नको भांडू."

अभंग होईपर्यंत निभावलं, कारण पखवाजवाला हात राखून वाजवत होता. पण शेवटच्या गजराला कोण हात राखतो? लय चढली, झांजा भिडल्या आणि आबा त्याखाली गाडले गेले. मागून लोक ओरडले, "बुवा, ऐकू येत नाय!" निकेतने बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर फाटक्या पत्र्यासारखा खरखरला, जळका वास सुटला आणि सगळं बंद. आबा थांबले नाहीत. माईक बाजूला सारून त्यांनी मान वर केली आणि जीव खाऊन वरचा सूर लावला. अर्धा लागला. मग तोंड उघडं आणि आवाज नाही. पखवाज दोन मात्रा एकटाच वाजला आणि थांबला.

मी अनवाणीच खारीला धावले. शिवाच्या दुकानाला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, शिवा सेट घेऊन उत्तनला कुणाच्या हळदीला गेला, तुमच्याकडून काल नकार आला ना.

परत आले ती सगळ्या बिल्डिंगसमोर निकेतवर तुटून पडले. "हौस फिटली तुझी? बापाचा गळा घेतलास त्या खोक्यापायी! मी नाही म्हणत असताना तुला तो मागचा आकडा खरा वाटला!" निकेत खाली बसून माईकची वायर सोडवू लागला. ते बघून मी आणखी भडकले.

आबांनी माझा हात ओढून मला खाली बसवलं. कानाशी तोंड आणलं. नुसती हवा येत होती, त्यातून शब्द जुळवून घ्यावे लागत होते.

"त्याला बोलू नको. मी घ्यायला लावला. दुकानात चार-पाच होते. एकाच्या मागे कोपऱ्यात दु दिसला. म्हटलं, हा आपल्या दुर्गाच्या हातचा. मघाशी तू रागात बोलतेस असं वाटलं. तू खोटं कशाला लावशील?"

घरी मी आकड्यांचं कधी बोललेच नव्हते. स्पीकरच्या कंपनीत आहे, माझ्या हातच्या डब्यावर माझा दु असतो, एवढंच ऐटीत सांगत आले होते. निकेतसाठी तोंडात आणलेल्या सगळ्या शिव्या मला गिळाव्या लागल्या.

सोमवारी गाळ्यात नवं बंडल आलं होतं. पाच हजार वॉट. मी पहिलं स्टिकर अगदी रेषेत लावलं आणि मार्कर टोपण घालून ठेवला. सेठने डबा उलटा करून बघितला.

"दुर्गाबेन, निशानी किधर है?"

मी मार्कर त्याच्या हातात दिला.

"आकडा तुमने डाला है सेठ. निशानी भी तुम डालो."